सात प्यादी आणि मी

मी एक जुने बटण आहे. काळे, चार भोकांचे, म्हशीच्या शिंगापासून घडलेले. त्या म्हशीने एका वाघाला झाडावर चढवले होते, असे मी सगळ्यांना सांगते. खरेखोटे विचारू नका, मित्रांनो. म्हातारपणी एवढी सूट असतेच.

माझी पहिली नोकरी एका कारकुनाच्या कोटावर होती. त्याच्या मुलांच्या बुद्धिबळातले एक काळे प्यादे हरवले आणि धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतले. तेव्हा ताईने वडिलांच्या कोटावरून मला कात्रीने उतरवले आणि पटावर ठेवले. "रडू नकोस. हे घे तुझं प्यादं. बाकीच्यांपेक्षा गुटगुटीत आहे बघ."

खेळ त्याला तिनेच शिकवला. शिलाई मशीनचे पायडल मारता मारता ती शह द्यायची. मीही काही कमी नव्हते. मी एक घर सरकले की हत्तींना घाम फुटायचा. उंट तर माझ्या धाकाने अजून तिरकाच पळतो!

धाकटा मोठा झाला, देशोदेशी जिंकला. लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. तरी दर रविवारी तो ताईकडे यायचा, पट मांडायचा आणि सात काळ्या प्याद्यांच्या रांगेत आठवे मला उभे करायचा.

मग त्याच्यावर सिनेमा काढायचे ठरले. दिग्दर्शकाने ताईच्याच खोलीत बसून गोष्ट वाचून दाखवली. त्यात खेळ शिकवायला एक दाढीवाला गुरू होता. ताई नुसती पाणी आणून देत होती.

"हा गुरू कोण?" ताईने विचारले.

"प्रेक्षकांना गुरू लागतो हो, ताई. बहिणीनं शिकवलं म्हटलं की वजन येत नाही." मग त्याने मला चिमटीत उचलले. "आणि हे बटण नको. छान प्यादं करून घेऊ."

ताईने उस्तादकडे पाहिले. दहा चाली पुढचे पाहणारा तो माणूस खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "त्यांना कळतं त्यातलं."

भोके चार, पण तोंड एकही नाही! इतकी हळहळ मला कधी वाटली नव्हती.

सिनेमा लागला. का कोण जाणे, उस्तादने मला खिशात घालून नेले होते. पडद्यावर आठही काळी प्यादी एकसारखी झळकली, तेव्हा शेजारी बसलेली ताई हसून कुजबुजली, "हरवलं नव्हतंच रे काही. उगाच रडलास."

पुढच्या रविवारी त्याने पट मांडला, मला जागेवर ठेवले. ताई सुईत दोरा ओवत होती.

"अंगातला कोट दे इकडे. बटण तुटलंय कधीचं."

"ताई, ते प्यादं आहे."

"तुझी प्यादी आता पुरी आहेत. दे."

तिने मला घट्ट शिवले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "आज शिवण फार आहे. ये तू आता."

तेव्हापासून मी सत्कारांना जाते. हार माझ्यावर घासतात, टाळ्या वाजतात, आणि उस्तादची बोटे मला चाचपत राहतात. 'ताईनं शिकवलं', तेवढे एक वाक्य काही त्याच्या ओठांवर येत नाही.

मित्रांनो, तुमच्या खेळातली रिकामी जागा कोणी भरली असेल, तर त्याचे नाव चारचौघांत घ्या. वेळेवर घ्या.

मी अजूनही पटावर जायला तयार आहे. उस्तादने फक्त कात्री मागायला हवी. ती ताईकडे आहे.