बाभळीआडची पवनचक्की

"पंखा म्हनावं तर वारा घालत न्हाय, झाड म्हनावं तर सावली देत न्हाय. काय म्हनून हिला घरामागं उबी केलीया, कुनास ठावं."

हे बोलणं माझ्याबद्दल चाललेलं होतं, आणि बोलत होत्या म्हाळसाबाई. माझ्याच खांबाला पाठ टेकून त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. आसपास ऐकणारं कुणी नाही, असं त्यांना वाटलं असावं. आमच्यासारख्या वस्तूंसमोर माणसं फार मोकळेपणानं बोलतात.

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. डोंगरावर रांगेनं उभ्या असतात त्या अवाढव्य पांढऱ्या पवनचक्क्या वेगळ्या. त्या आमच्या श्रीमंत नातेवाईक. आमचं येणंजाणं नाही. मी आपली एका घरापुरती. तीन लांब पाती, वाऱ्याकडे तोंड वळवून देणारं एक शेपूट आणि पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, एवढाच माझा संसार. वारा आला की मी फिरते, मी फिरले की बॅटरी भरते, आणि बॅटरी भरली की घरात दिवा लागतो. वारा नसेल तर मी काही करू शकत नाही. हे एवढं साधं आहे, पण ते माणसांना पटायला वेळ लागतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पाती पुरुषांनी केली, पण माझं पोट भरलं ते फुलाबाई नावाच्या एका बाईनं. ती तोंडातल्या तोंडात आकडे मोजत तार गुंडाळायची. एकदा कुणीतरी तिला किती वाजले म्हणून विचारलं आणि तिची मोजणी चुकली. तिनं विचारणाऱ्याकडे नुसतं पाहिलं, सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. माझ्या पोटातलं ते एक वेटोळं दोनदा गुंडाळलेलं आहे. तेच सगळ्यांत चांगलं आहे, असं मला उगाच वाटत आलं आहे.

माझी पहिली नोकरी मोहोळजवळच्या मुलींच्या वसतिगृहावर होती. तिथं विजेची तार अजून आलेली नव्हती. मुलींच्या अभ्यासाच्या खोलीतले चार दिवे माझ्यावर चालत. परीक्षा जवळ आली की मुली खिडकीतून माझ्याकडे बघत आणि वाऱ्याची आळवणी करत. रेश्मा नावाच्या एका मुलीनं माझं चित्र काढलं होतं. त्यात तिनं मला दोन डोळे आणि कपाळावर टिकली काढली होती. पाहुणे आले की वसतिगृहाच्या बाई त्यांना आधी गच्चीवर आणत, मग ऑफिसात. ते दिवस आठवले की अजून माझी पाती हलल्यासारखी वाटतात.

मग एके वर्षी तार आली. कुणी मला वाईट बोललं नाही, पण ग्रीस घालायला वर येणारा माणूस यायचा बंद झाला. मी कुरकुरू लागले, तेव्हा झोपमोड होते म्हणून मला दोरीनं बांधून टाकलं. माझ्या शेपटाच्या खोबणीत एका साळुंकीनं घरटं केलं. पिल्लं उडून जाईपर्यंत मला कुणी सोडू नये, असं मी मनात म्हणत होते. पिल्लं उडाली, त्यांचीही पिल्लं उडाली. सोडायला कुणी आलं नाही.

शेवटी मी सोलापूरला ईरप्पा यांच्या दुकानात येऊन पडले. ते मोटारी गुंडाळून देण्याचं दुकान आहे. माझ्या एका अंगाला बंद पडलेल्या यंत्रमागांच्या मोटारी होत्या आणि दुसऱ्या अंगाला विहिरीवरचे पंप. सगळे म्हातारे. तिथं मला पूनम भेटली.

पूनम मेंढपाळाच्या घरातली. आयटीआयचा कोर्स करून ती ईरप्पांकडे कामाला लागली होती. ती आली तेव्हा गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरून आत बघून विचारायची, मेस्त्री कुठं आहेत म्हणून. ती हातातला पाना खाली न ठेवता सांगायची, बोला, मीच बघते. एका दुपारी तिनं मला उघडलं, फुलाबाईंची वेटोळी पाहिली, त्यांवरून बोट फिरवलं आणि ईरप्पांना म्हणाली, "मालक, हे कुणीतरी जीव लावून गुंडाळलंय." मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

तिला घरासाठी पवनचक्की हवी होती, आणि ती हौसेखातर नव्हे. तिच्या आईला, म्हणजे म्हाळसाबाईंना, दमा होता. हे घर माळशिरसच्या पुढं एका उघड्या माळावर आहे. तार तिथपर्यंत पोचलेली नाही. दिवाळी झाली की घरचे मेंढरं घेऊन बाहेर पडतात, आठ महिने परमुलखात, लोकांच्या रानात पाल टाकून राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घर म्हणजे काय, तर हे चार महिने. नेमका याच ओल्या दिवसांत म्हाळसाबाईंचा दमा उसळायचा. डॉक्टरांनी वाफेचं यंत्र दिलं होतं, दिवसातून तीनदा घ्यायचं. त्याला वीज लागते. सौर पॅनेल होतं, पण ढगांपुढं ते बिचारं मान टाकायचं. वीज झाली नाही, तर म्हाळसाबाईंनी पावसाळाभर सोलापुरात पूनमच्या खोलीवर राहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे वर्षातले तेवढेच चार महिने त्यांचं घर, आणि तेही जायचं.

दुकानात दोन चक्क्या होत्या. एक कोरी करकरीत, आखूड पात्यांची, अंगावर मोठा आकडा लिहिलेली. दुसरी मी. पूनमनं त्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, की एवढी वीज किती वाऱ्याला मिळते? ईरप्पांनी वाऱ्याचा वेग सांगितला.

"मालक, एवढा वारा आमच्याकडं पत्रे उडतात तवा असतो. रोजच्या वाऱ्याला काय देईल ही?"

ईरप्पा हसले. "तुला विकणं अवघड आहे बघ अक्का," असं म्हणून त्यांनी नव्या चक्कीवर पुन्हा पोतं टाकलं.

पूनमकडे एक वही होती. गेला पावसाळा तिनं सुट्टीच्या प्रत्येक दिवशी घरामागच्या टेकाडावर उभं राहून, उसन्या आणलेल्या वाट्यांच्या यंत्रानं वारा मोजला होता. वारा रोजचा होता, मध्यम होता, पण न थकणारा होता. अशा वाऱ्याला लांब पाती लागतात, कारण पाती जेवढी लांब तेवढा वारा त्यांच्या कवेत येतो. तिनं माझ्या पात्याशेजारी हात पसरून पाहिलं. पातं तिच्या दोन्ही हातांपेक्षा लांब भरलं. माझी निवड झाली. इतक्या विचारानं मला कुणी कधी निवडलं नव्हतं.

आता इथून पुढं जे झालं, ते ऐकताना कुणाला हसू आलं तर मला राग नाही.

पूनमचे वडील गुंडातात्या. उंच, वाळके, कमी बोलणारे. मुक्कामाची जागा निवडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. संध्याकाळी मेंढरं कुठं बसवायची, पाल कुठं टाकायची, हे त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारा माणूस ठरवतो. तात्या चिमूटभर माती उडवून बघत, दोन जागी बसून बघत, कानाला काय लागतंय याचा अंदाज घेत, आणि मग काठी रोवत. काठी रोवली की झालं. तिथं कुणी प्रश्न विचारत नाही. त्यांनी निवडलेल्या जागी थंडीवाऱ्यानं एकही कोकरू दगावलं नाही, असं माळावर सांगतात.

मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा पूनम टेकाडाकडे बघत होती. खांब कुठं उभा करायचा, हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं. पण तिनं वही काढायच्या आत तात्या उठले. सवयीनं माती उडवली. घराच्या मागं गेले, टेकाडाच्या पायथ्याशी दगडी बांध आणि तीन बाभळी आहेत, तिथं बसले, डोळे मिटले. मग उठून काठी रोवली.

"हितं उबी करा," ते म्हणाले. "हितं हिला काय व्हनार न्हाय."

आषाढातला वारा मावळतीकडून येतो, आणि ते टेकाड घराच्या मावळतीलाच आहे. पूनमला ते कळत होतं. तात्यांचे धाकटे भाऊ जोतिराम यांनाही कळलं. ते काही क्षण टेकाडाच्या माथ्याकडे बघत राहिले आणि मग मुकाट्यानं खड्डा खणायला लागले. पूनमनं वही पिशवीत सरकवली.

आणि मला काय वाटलं म्हणाल, तर मला भरून आलं. एवढ्या मायेनं माझ्यासाठी आडोसा कुणीच शोधला नव्हता.

पहिला आठवडा मी फिरलेच नाही. वर टेकाडावरचं गवत आडवं पडायचं, बाभळींचे शेंडे घुमायचे, आणि मी त्यांच्या मुळाशी गपगार. टेकाडावरून उतरलेला वारा मधूनच घोटाळत यायचा, कधी इकडून, कधी तिकडून. मग आपल्याच शेपटीमागं लागलेल्या कुत्र्यासारखी मी गरगर तोंड फिरवायचे आणि थांबायचे. बॅटरी भरायची नाही. म्हाळसाबाई वाफेची नळी तोंडाला लावायच्या आणि यंत्र अर्ध्यात बंद पडायचं. जोतिराम दोनदा बॅटरी मोटारसायकलवर बांधून गावात भरून घेऊन आले; तिसऱ्यांदा चिखलात गाडी घसरली आणि त्यांचा गुडघा सुजला. त्यानंतर म्हाळसाबाईच कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून वाफ घ्यायला गावात जाऊ लागल्या.

घरात कारणांना तोटा नव्हता. जोतिराम म्हणायचे, यंत्र नव्या जागी रुळायला वेळ घेतं, नवी म्हैस घेत नाही का. पूनम दर रविवारी येऊन घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करायची. तात्या शिडी लावून मला तेल द्यायचे, आणि खाली उतरून बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी फडक्यानं माझी पाती पुसली. शेजारच्या वस्तीवरची माणसं यायची, टेकाडाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, चहा प्यायची आणि पावसाचं बोलून निघून जायची. ज्या माणसाला मुक्कामाची जागा विचारायला दहा गावचे लोक येतात, त्याला जागा चुकली म्हणून कोण सांगणार?

हळूहळू सगळा दोष माझ्याकडे आला. जुना माल. आणि माझ्याकडून तो पूनमकडे गेला, कारण निवड तिची.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र गप्प उभं असेल. त्याला नावं ठेवायच्या आधी एकदा त्याच्याजवळ जाऊन बघा. त्याला तेल मिळालं आहे का, त्याचं अन्न त्याच्यापर्यंत पोचतं आहे का, त्याला कुणी बांधून तर ठेवलेलं नाही. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीनं कुणीतरी माणसालाच बोलावं लागतं, आणि माणसांना बोलणं किती जड जातं, हे मी त्या पावसाळ्यात पाहिलं.

शेवटी एका सोमवारी सकाळी ईरप्पा पूनमला घेऊन टेम्पोनं माळावर आले. परत जाताना मलाही न्यायचं आणि म्हाळसाबाईंनाही, असा एकाच खेपेचा बेत होता. म्हाळसाबाईंचं गाठोडं ओट्यावर बांधून ठेवलं होतं. त्या गेल्या की दोघा भावांना कोकरांचं सगळं झेपणार नाही, म्हणून निम्मी मेंढरंही विकायची, असं तात्या जोतिरामांना सांगत होते. सांगताना ते मेंढरांकडे बघत नव्हते.

जोतिराम माझ्या खांबाला आवळून धरणाऱ्या तारा सोडायला बसले. पूनम दोर धरून उभी होती. तात्या तिच्याजवळ आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत काढल्यासारखा होता.

"जाऊ दे पोरी. जुनं गळ्यात मारलं तुज्या मालकानं. तुला कळलं न्हाय."

पूनमनं मान खाली घातली. तिनं दोराचा आणखी एक वेढा मुठीभोवती घेतला. ईरप्पा खिशातली तंबाखूची डबी उघडून बघू लागले. जोतिरामांचा पाना नटावर थांबला. सगळ्यांची नजर एकदाच टेकाडावर जाऊन खाली आली.

म्हाळसाबाई ओट्यावरून उठल्या. चार पावलांत त्यांना धाप लागली. त्यांनी माझ्या खांबाला हात टेकला. ज्या बाईनं मला उठता बसता टोमणे मारले होते, तिचा हात खांबावर घट्ट होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "पोरीला काय बोलू नगा. हिला बी नगं."

श्वास घ्यायला त्या थांबल्या. तात्या पुढं झाले, त्यांना बसवायला. त्यांनी हातानंच अडवलं.

"चाळीस वर्सं झाली, मला म्हना, मेंढरास्नी म्हना, वारा लागू दिला न्हाय तुमी. कुटं बी गेलो तरी आडोसा बगितला. तसाच हिला बी बगितला. पर हिला वाराच पायजे हुता."

तात्यांची काठी हातातच होती.

"हितं समद्यांस्नी ठावं हाय," म्हाळसाबाई म्हणाल्या, "आन् तुमास्नी बी ठावं हाय. जागा चुकली तुमची."