हात कधी सोडायचा

टेप ड्राइव्ह कसा वापरायचा याची पुस्तकं लिहिणं हा माझा धंदा. मोठाल्या कंपन्या आपली जुनी माहिती ज्या टेपांवर साठवतात, त्या टेपा चालवणारं हे यंत्र. "कोण वाचतं गं असली पुस्तकं?" असं दादा दर वेळी विचारतो. कुणीच वाचत नाही. यंत्र अडलं की मगच वाचतात, आणि तेव्हा वाचणारा आधीच वैतागलेला असतो. वैतागलेल्या माणसालाही एका वाचनात कळेल असं वाक्य लिहायचं, एवढंच माझं काम. त्या एवढ्याशा कामानं माझं डोकं पार पिकवलंय.

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी एक 'ढ' बसवायचा. ढ म्हणजे ज्यानं ते यंत्र कधी हाताळलेलं नाही असा कुणीही. त्यानं लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही. अंदाज हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा आहे. आणि ज्यानं पुस्तक लिहिलं, त्यानं भिंतीशी खुर्चीवर बसून तोंड मिटून बघायचं. खोकायचंसुद्धा नाही.

परवा कंपनीचे वकीलसाहेब ढ होते. मोठ्या हौसेनं बाह्या सरसावून बसले. 'टेपची बाण असलेली बाजू पुढे धरा आणि टेप आत ढकला' हे त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि ढकलली. यंत्रानं टेप ओढून घ्यायला सुरुवात केली तरी हे आपले ढकलतायत! आतून करकर आवाज आला, लाल दिवा लागला. "अहो, सोडा!" हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ चावली.

"सोडा असं कुठे लिहिलंय?" वकीलसाहेब शांतपणे म्हणाले.

नव्हतंच लिहिलं. टेप घालून घालून माझा हात आपोआप सुटतो, त्यामुळे तो सोडावा लागतो हेच मला कधी सुचलं नव्हतं. 'यंत्र टेप ओढू लागताच हात सोडा' अशी ओळ मी घातली. ती वाचून आमच्या ऑफिसच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "एवढंही सांगावं लागतं?"

"लागतं," मी म्हणाले. भांडायचं त्राणच नव्हतं.

त्राण नव्हतं, कारण माझ्या पोटात खडे आहेत. पित्ताशयात. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करून टाका म्हणून मागे लागल्यात आणि मी टाळतेय. मी दवाखान्यात पडले तर बाबांना कोण बघणार? बाबांना आता बरंचसं आठवत नाही. दुपारी झोप झाली नाही तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतात, दार उघडून रस्त्यावर जातात. आणि झोपवायला मीच लागते. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. फोनवर "मी आहे ना" म्हणतो. आहे की! फोनवर आहे.

शेवटी मी बाबांना झोपवायच्या सूचना एका कागदावर लिहून काढल्या आणि रविवारी दादाला बोलावून घेतलं. म्हटलं, आज तू ढ.

"लहानपणापासून तो मान माझाच आहे," दादा म्हणाला.

त्याला जमलं तर उद्या दवाखान्यात फोन करून तारीख घ्यायची. नाही जमलं तर खडे सांभाळत बसायचं. मी भिंतीशी खुर्ची ओढली आणि तोंड मिटलं.

दादानं नीट केलं हो सगळं. गोळी दिली. चष्मा काढून खिडकीत ठेवला, उगाच कपाटात नाही. पडदा अर्धाच ओढला. पायाखाली उशी सरकवली. कागद संपला. बाबा मात्र टक्क जागे. त्यांनी एक हात पलंगाबाहेर काढून उताणा धरला होता.

दादानं कागद उलटून पाहिला. मागे कोरा. "पाणी हवंय का, बाबा?" त्यानं त्या हातात पेला ठेवला. बाबांनी तो झटकला आणि दादाचा शर्ट भिजला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी मी तो हात धरून बसते. एका हातानं फोन बघत असते, दुसरा त्यांच्या हातात असतो. हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं. मी अर्धी उठले.

दादानं बोट दाखवलं. "बस खाली. नियम तुझाच आहे."

मग तो पलंगाच्या कडेला टेकला आणि त्यानं आपला ओला हात बाबांच्या हातात दिला. बाबांनी अंगठ्यानं चाचपून पाहिला.

"हा तिचा नाही," बाबा म्हणाले.

"नाही. माझा आहे, बाबा."

बाबांनी थोडा विचार केला. हात सोडला मात्र नाही. हळूहळू त्यांचे डोळे मिटले, आणि मग ते बारीक घोरायला लागले.

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी मला भयंकर राग आला. माझ्याशिवाय झोपले! इतकी वर्षं मी जिवाचं रान केलं आणि हे कुणाच्याही हातात झोपतात! मला रडूच फुटलं. हुंदका बाहेर पडला तसं दादानं ओठांवर बोट ठेवलं.

"आता हात कधी सोडायचा?" तो कुजबुजला. "लिहिलं नाहीयेस."

मी कागद घेतला, पेन उघडलं. रोज तर मी पाठ मोडेपर्यंत बसून राहते. कधी सोडायचा ते मला कुठे माहीत होतं? दोन शब्द लिहिले, खोडले. एक धड वाक्य सुचेना.

"राहू दे ती ओळ," दादा म्हणाला. "मी सोडेन अंदाजानं. तू उद्या फोन कर."