कुसुमच्या पाटीखालचा तडा

मित्रांनो, बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला एक जुना सिमेंटचा बाक दिसतो. तो मी. माझ्या पाठीवर चार बुजवलेली भोकं आहेत आणि त्यांच्यापासून खाली एक फिकट, वाकडी रेघ गेली आहे. मुलं ती खडूची समजून पुसायला बघतात. ती पुसली जात नाही, कारण तिथे मला तडा गेला होता. तो कसा गेला ते सांगतो, पण आधी एक कबूल करतो. मी फार मत्सरी आहे.

माझा जन्म दादामियाँच्या पत्र्याच्या शेडमधला. तिथे सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या आणि बाक बनत. त्यांनी साच्यात आधी लोखंडी सळया मांडल्या, मग वाळू, खडी आणि सिमेंटचा ओला माल ओतला. सळया कशासाठी, असं तुम्ही विचाराल. सिमेंटवर कितीही वजन ठेवा, ते सोसतं. पण त्याला ताणलं, वाकवलं, की ते फाटतं. तो ताण सळईने सोसायचा, आणि सिमेंटने सळईला अंगाखाली झाकून तिला पाण्यापासून सांभाळायचं. आमचा हा आपसातला करार असतो. माझ्या पाठीतली एक सळई मात्र साच्यात जरा वर सरकली होती. तिच्यावर सिमेंटचा थर पातळ बसला. तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

१९८४ साली गोपाळकृष्ण आगाशे मला घेऊन आले. ते पोस्टात नोकरीला होते आणि तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांची पत्नी कुसुम नुकतीच वारली होती. भाजीची पिशवी घेऊन आल्यावर जिना चढण्याआधी तिला दम खायला जागा नसे. तिने पुष्कळदा म्हटलं होतं, "अहो, खाली बसायला काहीतरी करायला सांगा ना सोसायटीला." सोसायटीने केलं नाही. ती गेल्यावर आगाश्यांनी स्वतः केलं.

मी बसायच्या कामासाठी आलो, याचा मला अभिमान वाटत होता. तो आठवडाभर टिकला. मग बुधवार पेठेतून पितळी पाटी आली. 'कै. सौ. कुसुम गोपाळकृष्ण आगाशे यांच्या स्मरणार्थ.' माझ्या पाठीला चार भोकं पाडून लोखंडी स्क्रूंनी ती बसवली. त्या दिवसापासून मला कुणी पाहिलं नाही. सगळे पाटी पाहत.

आगाशे रोज सकाळी तांब्या आणि वाटी घेऊन खाली येत. वाटीत चिंच आणि मीठ. कुसुम देवाची उपकरणी अशीच घासायची, म्हणून तेही पाटी तशीच घासत. अक्षरांच्या खोबणीतून बोट फिरवत. मग तांब्याने धूत आणि धोतराच्या जुन्या तुकड्याने पाटी पुसून कोरडी करत. फक्त पाटी. आंबट, खारं पाणी माझ्या पाठीवरून ओघळे, भोकांतून आत मुरे, ते कोण पुसणार? पाटी सोन्यासारखी चमकायची आणि माझ्या पाठीवर काळेहिरवे डाग पडायचे. मला तिचा इतका राग यायचा की काय सांगू.

त्यात समोर बुचाच्या झाडाखाली एक कडप्प्याची फरशी होती. बांधकामातून उरलेली, विटांच्या दोन ढिगांवर टाकलेली. ना नाव, ना गाव. पण सगळी सोसायटी तिच्यावर बसायची. ज्यांच्या शेतात ही सोसायटी उभी राहिली, त्या घरच्या सोजरबाई तिथे मेथी निवडायला यायच्या. एकदा नवीन राहायला आलेली एक बाई माझ्याकडे वळली, तर सोजरबाईंनी तिला हाक मारली.

"तिथं नगं गं. ती बसायची जागा न्हाय, देवघर हाय ते."

आगाशे तिथेच पाटी पुसत होते. म्हणाले, "बसा की. मी कुणाला नको म्हटलंय?"

"न्हाय बाबा. बूड वलं व्हतंय, आन् वर पाप लागतंय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण पुढे जे झालं ते वाईट होतं. पाटी पुसून झाल्यावर आगाशे स्वतः त्या फरशीवर जाऊन बसले. रोज तिथेच बसत. कुसुमच्या नावाला पाठ टेकून बसायचं त्यांच्या जिवावर येत असावं. पण मला वाटायचं, माझ्यात काय कमी आहे?

मित्रांनो, तडा एका दिवसात पडत नाही. दुपारच्या उन्हात मी तापायचो, फुगायचो. रात्री गार होऊन आकसायचो. भोकाच्या काठावर हा ताण सगळ्यात जास्त यायचा. तिथे केसाएवढी चीर पडली. चिंचेचं पाणी सिमेंट हळूहळू खात होतं आणि मीठ त्या वर सरकलेल्या सळईपर्यंत पोचलं. सळई गंजू लागली. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आत जागा नव्हती, म्हणून तो मला आतून ढकलू लागला. चीर लांबली, तसं पाणी जास्त शिरलं. पाणी शिरलं, तसा गंज वाढला.

एका सकाळी आगाश्यांचं बोट त्या चिरेवर थांबलं. मला आनंद झाला. वाटलं, आता तरी माझ्याकडे बघतील. ते पुटपुटले, "पाटी ढिली झाली की काय?" घरून पेचकस आणून त्यांनी चारही स्क्रू घट्ट आवळले. मी आतल्या आत आणखी फाटलो.

पुढे काही वर्षांनी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या. तिघेजण माझ्यावर बसले आणि मागे रेलले. बसू नका असं सांगायला मला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. माझ्या पाठीचा मोठा तुकडा निखळून खाली पडला. आत तांबडी, सोललेली सळई दिसू लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब त्या संध्याकाळी आगाश्यांना म्हणाले, "आपली पाटी आपण काढून न्या. बाक उद्या फोडून टाकतो. कुणाच्या अंगावर पडला तर आणखी एक पाटी लावायची वेळ येईल."

"मजकूर तयार ठेवलाय का आपण?" आगाशे म्हणाले. पण ते वाद घालायला थांबले नाहीत.

सकाळी ते पेचकस घेऊन आले. वाटी नाही, तांब्या नाही. मी समजलो. तिला वर नेणार, मला घणाखाली ठेवणार. तेव्हा मला मरणाच्या भीतीपेक्षा त्या पाटीचा हेवाच जास्त वाटला, हे आज सांगायला लाज वाटते.

तीन स्क्रू निघाले. चौथा गंजून अडकला होता. त्यांनी जोर लावला, तसा तो माझ्या सिमेंटच्या कपच्यासकट बाहेर आला. भोकातून तपकिरी पाणी गळलं आणि त्याबरोबर चिंचेचे धागे, वर्षानुवर्षांचे, काळे पडलेले. आगाश्यांनी ते बोटावर घेतले. वास घेतला. मग सळईकडे पाहिलं, माझ्या डागांकडे पाहिलं. पाटी मांडीवर घेऊन ते खाली बसले. माझ्यावर बसले.

"कुसुम," ते हळू म्हणाले, "हे मीच केलं गं."

थोड्या वेळाने आप्पासाहेब घणवाल्या माणसाला घेऊन आले.

"आगाशे, उठता ना?"

"नाही."

"अहो, बाक फोडायचाय."

"मी बसलोय. दिसतंय ना?"

"किती वेळ बसणार?"

"दादामियाँ येईपर्यंत. दूधवाल्याच्या हाती निरोप धाडलाय."

"आणि ते आज आले नाहीत तर?"

"तर डबा इथेच मागवीन. आपल्यालाही मागवू का?"

आप्पासाहेब आल्या पावली वळले. घणवाला फरशीवर जाऊन बिडी ओढत बसला आणि दुपारी निघून गेला.

दादामियाँ उतरत्या उन्हात आले. म्हातारे झाले होते. त्यांनी माझी सैल झालेली कातडी छिन्नीने काढली, सळई तारेच्या ब्रशने लख्ख होईपर्यंत घासली, तिला रंग दिला आणि नवा माल भरून वर ओली पोती टाकली. जाताना विचारलं, "आगाशेसाहेब, पाटी परत लावायची?"

"नको. आता त्याला भोक नको."

पाटी घरात गेली. डाग अजून आहेत, रेघही आहे. पण पोती निघाली त्या दिवसापासून लोक माझ्यावर बसतात. सोजरबाई म्हणाल्या, "आता कसं, बूड कोरडं ऱ्हातंय."

मित्रांनो, कुठल्याही वस्तूवर बारीक चीर दिसली तर नुसते स्क्रू आवळू नका. ओल कुठून शिरते ते शोधा, आणि लवकर शोधा. एका जागेला जे चांगलं, ते शेजारच्या जागेला मारक असू शकतं. आणि बसायला आणलेल्या बाकावर बसा.

आगाशे आता रोज संध्याकाळी माझ्यावर बसतात, पाठ टेकून. अंधार पडला की उठतात आणि हळूहळू जिना चढून वर जातात. वर पाटी आहे. मला अजून तिचा हेवा वाटतो. पण सिमेंट उशिरा निवतं. आगाशे गेल्यावरही त्यांच्या अंगाची ऊब बराच वेळ माझ्यापाशी राहते, आणि तेवढा वेळ मी पाटीला काही बोलत नाही.