न उचललेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना, वजनदार आणि जरा हावरट लोहचुंबक आहे. कल्याणजवळच्या एका पोलाद कारखान्यात क्रेनच्या साखळीला लटकतो. वीज आली की लोखंड उचलतो, वीज बंद झाली की सोडतो. मी उचललेलं भंगार विजेच्या भट्टीत वितळतं आणि त्याच्या नव्याकोऱ्या सळया होतात. पूर्वी आमची एकच छोटी भट्टी होती. आता शेजारी मोठी आलीय, कारण ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जिकडेतिकडे टॉवर आणि मेट्रोचे खांब उभे राहतायत. मला दम खायला फुरसत नाही, पण खरं सांगू? भारी मजा येते!

एकच गोष्ट मला झोंबते. चांगल्या स्टेनलेस स्टीलची भांडी मला मुळीच दाद देत नाहीत. कितीही जोर लावा, ढिम्म!

परवा सकाळी ठाण्यातल्या बाळकुमचे गणूदादा आणि त्यांची मुलगी करिश्मा धावतपळत आले. लग्नाच्या साफसफाईत त्यांनी जुने पत्रे भंगारात दिले होते. त्या पत्र्यांबरोबर चुकून करिश्माच्या आईचा स्टीलचा हंडाही गेला होता. आई आता या जगात नाही.

"पोरीची हलद हाय उद्या," गणूदादा म्हणाले. "हिच्या आयचा, जयाचा नाव हाय त्याव. पोरीला याच हंड्याचा पानी घालाचा, आसा ती बोललेली."

त्यांचाच ढीग आता भट्टीत जाणार होता. गणूदादा सरळ त्यात हात घालू लागले.

"अहो काका, हात कापेल!" क्रेन चालवणारी प्राची वरून ओरडली. "बाजूला व्हा. चुंबक लोखंड उचलेल. खाली उरेल त्यात हंडा शोधा!"

मग काय! पत्रे, पाइप, मोडकी सायकल, सगळं मी गपागप उचललं. ढीग उतरत गेला आणि तळाशी काहीतरी चमकलं. पोचे पडलेला, पण हंडाच!

"बाबा, आईचं नाव दिसतंय!" करिश्मा हसतही होती, रडतही होती. मलाही भरून आलं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी गणूदादा पिवळ्या हातांनी आले. प्राचीने मला जमिनीवर टेकवलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर हळद फासली. जन्मभर डोंगराएवढं लोखंड उचललं, त्याचं कौतुक कुणी केलं नाही. हळद लागली ती न उचललेल्या हंड्यामुळे!

मित्रांनो, मोडकं लोखंड खुशाल पाठवा. पण त्याआधी एकदा नीट चाळून बघा. सळया आम्ही हव्या तेवढ्या करून देऊ, आईचा हंडा मात्र आम्हाला करता येत नाही.