तिरका सोफा

मी सोफा बोलतोय. उभ्यानेच ऐका. बसलात तर डावीकडची स्प्रिंग टोचेल आणि बोल मला लागेल. आता कुणाचं ऐकून घ्यायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

भाऊ आणि वहिनींच्या नव्या संसारातली पहिली मोठी खरेदी म्हणजे मी. वहिनींनी हौसेने माझी खोळ शिवली. ती घालून आठवडा झाला नाही तोच दारात टेम्पो येऊन उभा राहिला. भाऊंची एक छोटी नाटकमंडळी होती. नव्या नाटकात दिवाणखाना होता आणि मंडळींच्या मालकीचा होता फक्त एक पडदा.

"अहो, नवा कोरा आहे तो!" वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच नेतोय. नाटकातलं घर श्रीमंताचं आहे."

"आणि आपल्याकडे कुणी आलं तर?"

"सगळे नाटकालाच येणार. घरी कोण येतंय!"

तेव्हापासून माझी फरफट सुरू झाली. चादर घातली की मी दवाखान्यातला बाक, जरीचं कापड टाकलं की सिंहासन. एकदा तर मला होडी केलं. रात्र थोडी अन् सोंगं फार, अशी गत. अरुंद जिन्यांनी माझे पाय खिळखिळे केले. परत आलो की हातावर पावडरचे डाग असायचे, फटीत कुणाची तरी मिशी अडकलेली असायची. ती मिशी चिमटीत धरून वहिनी म्हणायच्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या यांनी, आणि पीठ आमच्या घरचं!"

तालमीही घरीच होत. प्रेक्षकांकडे कुणाची पाठ नको म्हणून भाऊंनी मला खोलीत तिरकं ठेवलं होतं. प्रेक्षागृह म्हणजे स्वयंपाकघराचं दार. येणारे-जाणारे विचारत, हा असा वाकडा का? वहिनींच्या पायाचा अंगठा माझ्यावर रोज आपटायचा आणि रोज माझा उद्धार व्हायचा. पण तालमीत कुणी वाक्य विसरलं, की शेगडीपाशी भाजी ढवळणाऱ्या त्या पाठमोऱ्या बाईचा हात थांबायचा. वाक्य पुढे गेलं की पुन्हा सुरू व्हायचा. हे मंडळींपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला दिसायचं, पण सोफ्याला कोण विचारतो!

वर्षं गेली. कुणाला बदली मिळाली, कुणाला नातवंडं झाली, मंडळी पांगली. भाऊ मात्र माझ्या डाव्या टोकाला बसून पाठांतर करत राहिले. तिथे त्यांच्या बैठकीचा खळगा पडला. मग एक दिवस भाऊ गेले. त्या खळग्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. वहिनी धूळ झटकायच्या, खोळ नीट करायच्या आणि वळसा घालून निघून जायच्या.

मध्यंतरी परगावी राहणारा त्यांचा मुलगा आला. म्हणाला, "आई, हे धूड भंगारात देऊ. तुला हलका, नवा आणतो." वहिनी माझी खोळ नीट करत राहिल्या. मीही मनातून म्हटलं, सुटलो एकदाचा.

आणि त्याच संध्याकाळी मंडळींपैकी उरलेले चौघे दारात! मंडळींचा हिशेब ठेवणारा कॅशियर चाचरत म्हणाला, "वहिनी, भाऊंनी बसवायला घेतलेलं नाटक पुरं करायचंय. सोफा हवा होता."

वहिनी उसळल्या. "जन्मभर नेलात! माणूस गेला, आता त्याची बसायची जागाही न्या!"

चौघांनी माना खाली घातल्या. कॅशियर म्हणाला, "भाऊंचं काम माझ्याकडे आलंय. दुसऱ्या अंकातलं ते बोलणं काही केल्या जमत नाही हो."

"म्हणून दाखव."

त्याने सुरुवात केली.

"उभ्याने नाही. बसून म्हणायचं असतं ते."

तो माझ्या उजव्या टोकाला टेकला.

"तिथे नाही," वहिनी म्हणाल्या. "डावीकडे."

तो त्या खळग्यात बसला. वजन भाऊंपेक्षा कमी होतं, पण फार दिवसांनी वजन होतं. माझं सगळं अंग कुरकुरलं. चार वाक्यं झाली आणि तो अडखळला. पाचवं वाक्य स्वयंपाकघराच्या दारातून आलं. मग सहावं, सातवं. वहिनींनी ते बोलणं शेवटपर्यंत पुरं केलं.

मुलगा बघतच राहिला. "आई, तुला सगळं पाठ आहे?"

"सगळी नाटकं पाठ आहेत," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "घरात बसायला जागा कुठे होती? उभ्याने ऐकत होते." मग कॅशियरकडे वळून म्हणाल्या, "न्या. पण सकाळी परत आणा. माझ्याकडे कुणी आलं तर?"

त्यांच्याकडे हल्ली कुणीच येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी चौघांनी माना डोलावल्या. मला टेम्पोत चढवताना एक बाजू मुलाने धरली होती.

नाटक झालं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. परतताना माझा एक पाय निखळला, तिथे आता वीट आहे. हमालांनी मला भिंतीला सरळ लावलं, तर वहिनी म्हणाल्या, "तिरका ठेवा."

"आई, अंगठा आपटतो तुझा."

"आपटू दे."

भंगाराचं नाव मग कुणी काढलं नाही. मी मात्र खरोखर थकलोय. पुन्हा टेम्पोत चढणं मला झेपायचं नाही. माझं मागणं एकच आहे. वहिनी अजून त्या दारातच उभ्या राहून माझ्याकडे बघत असतात. त्यांना कुणीतरी सांगा, डावीकडची जागा रिकामी आहे, या, बसा. एवढं एक वजन मी अजून पेलेन.