चक्रवाकाचा आवाज

प्रयोग आटोपला तेव्हा उजाडायला आलं होतं आणि रंजीताचा आवाज पार बसला होता. झाडीपट्टीच्या नाटकांत कित्येक हंगाम नायिका केल्या, पण असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी शेजारच्याच गावात पुन्हा प्रयोग. त्यासाठी मॅनेजरनं कंपनीतल्या नवख्या मयुरीला तिची पदं पाठ करायला लावलीत, हे कळल्यावर तिची झोपच उडाली.

पेटीमास्तर देवराव गळ्यात दुर्बीण अडकवून वैनगंगेकडं निघाले होते. मुक्काम नदीकाठी असला की पाखरं पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"चला बाई," ते म्हणाले. "तिथं बोलाचं कामच नाई."

चेहऱ्यावरचा रंग न पुसताच ती निघाली. झिंगू ढिवरानं दोघांना डोंग्यातून नदीच्या मधल्या रेतीवर सोडलं आणि तो जाळी काढायला पुढं गेला.

धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. त्या पांढऱ्यातूनच पांढरे पक्षी सुटून आले, पाण्याला टेकले, पुन्हा धुक्यात विरले.

"कुरव," देवराव कुजबुजले. "समुद्राकडचं पाखरू. थंडीत एखाद्या साली इकडं येते."

रंजीता पाहत राहिली. पाहता पाहता रेतीवर आडवी झाली. जागरणानं जड झालेल्या डोळ्यांत पांढरे पंख उघडमिट करत राहिले. पाणी कानाशी वाहत होतं, की तीच वाहत होती, कोण जाणे.

जाग आली ती उन्हानं. धुकं उठलं होतं. दहा-बारा हातांवर दोन मोठी बदकं रेतीवरून चालत होती, अंग पिकल्या संत्र्याच्या रंगाचं, डोकं फिकं. तिनं श्वास रोखला. दूर झुडपाआड बसलेल्या देवरावांनी हातानंच खूण केली, हलू नका.

नराच्या पंखावरची हिरवी झाक दिसावी इतका तो जवळ आला. मग काय मनात आलं कोण जाणे, दोघंही एकदम उडाली आणि ओरडत नदीवर गेली. ओरडणं कसलं, नाकातून काढलेला घोगरा, फाटका आवाज.

"हे कोणतं हो, भाऊ?" देवराव जवळ आल्यावर तिनं कसंबसं विचारलं.

"चक्रवाक."

रंजीता उठून बसली. चक्रवाकाच्या विरहाचं पद म्हणून तिनं किती गावं रडवली होती! पाखरू मात्र आज पहिल्यांदा दिसलं.

"अन् आवाज असा?"

"असाच. काऊन, पसंत नाई पडला?"

ती हसायला लागली. हसताना तिचाही घसा तसाच फाटका वाजला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून पुन्हा तसंच ओरडणं आलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली.

दुपारी परतताना झिंगूच्या डोंग्यात ती पाण्यात हात सोडून बसली.

संध्याकाळी रंगपटात मयुरी हात जोडून उभी राहिली. "ताई, मले भेव वाटून राह्यला. तुमी रागावल्या काय?"

रंजीतानं मानेनंच नाही म्हटलं, तिला आरशासमोर बसवलं आणि तिच्या अंबाड्यात गजरा खोचू लागली. उभ्या जागी रंजीताचं अंग अजूनही डोंग्यासारखं हलकेच डोलत होतं. बाहेर देवरावांनी पेटीवर सूर धरला.