न पुसलेली कात्री

सगळ्या गल्लीत त्यांना स्पिरिटकाका म्हणत. चाळीस वर्षं सलून चालवलं, पण एकाला वापरलेली कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्याच्या डोक्याला लावली नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काका, केस कापताय की ऑपरेशन करताय?" काका हसायचे, पण पुसायचे ते पुसायचेच.

सलून विकल्यावर उरलं काय, तर घर, काकू आणि परसातली दोन डाळिंबं. एक थोरलं, जुनं. दुसरं त्याच्याच फांदीपासून लेकीने लावलेलं, आजारी पडायच्या आदल्या वर्षी. लेक एकोणिसाव्या वर्षी गेली. तेव्हापासून काकू रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या धाकट्या झाडापाशी बसत आणि मनातलं सगळं त्याला सांगत. काकांशीही एवढं बोलत नसत.

गेल्या पावसाळ्यात थोरल्याच्या पानांवर तेलकट डाग पडले. काकांनी बागेची जुनी कात्री काढली, डागाळलेल्या फांद्या सपासप छाटल्या आणि हात चालूच होता म्हणून त्याच कात्रीने धाकट्याचेही वाढलेले शेंडे नीटनेटके केले. महिन्याभरात धाकट्यावर तेच डाग. पानं पिवळी पडून गळायला लागली. काकूंनी खापर फोडलं शेजारणीवर. "तिच्याच कुजक्या झाडावरनं आलंय हे!" वीस वर्षांची मैत्रीण, पण बोलणंचालणं बंद.

या वर्षी खोड चिरलं तेव्हा काकांनी रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. त्याने एक पान उन्हात धरलं, खोडावरची काळी चीर नखाने खरवडली. "तेल्या रोग आहे, काका. गळलेली पानं उचलून जाळा, पाणी बुडाला घाला, पानांवर नको. थोरलं वाचेल. हे मात्र काढून टाका, त्याच्यात काही राहिलं नाही." निघता निघता त्याने सहज विचारलं, "छाटताना कात्री पुसली होती ना? एका झाडाचं दुसऱ्याला असंच लागतं."

काकांनी कात्री पुसली नव्हती. लेकीचे केस गळायला लागले तेव्हा तिचं डोकं त्यांनीच भादरलं होतं. तिला साधं खरचटलेलंही चालणार नव्हतं, म्हणून वस्तरा तीनदा उकळला. "बास हो बाबा, शिजला असेल तो," ती म्हणाली होती. आणि तिच्या झाडाच्या वेळी? झाडाला काय होतंय! अरे माणसा, एवढंही सुचू नये?

काकू दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाला? शेजारणीचंच ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो 'हो' अगदी जिभेवर आलाही होता.

"नाही," काका म्हणाले. "माझ्या कात्रीने गेलं. थोरल्याचं याला लागलं. मी पुसली नाही."

"तुम्ही?" काकू एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका झाड काढायला बसले. काकूही कप घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसल्या. काका एकेक फांदी कापायचे, बाटलीतलं स्पिरिट फडक्यावर घ्यायचे, कात्रीची दोन्ही पाती पुसायचे, मग पुढची फांदी.

चार-पाच फांद्या झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता कशाला पुसताय?"

काकांनी कात्री पुसली आणि पुढची फांदी धरली.